पंचेचाळिशीतलं स्थळ

मेघना घाडीने नोकरी करायचं ठरवलं, ही बातमी सोमवारी सकाळी घरातल्या चौघांनाच माहीत होती. दुपारी पाणी आलं, बायका नळाशी जमल्या, आणि पाणी गेलं तेव्हा ती सबंध मजल्याला माहीत झालेली होती. परळच्या त्या चाळीत पाणी जेमतेम तासभर येतं. बातमीला तेवढं पुरतं.

"नोकरी कशाला गो आता?" शेजारच्या कमलताईंनी हंडा बाजूला सारत विचारलं. "गौतम काय बोलला काय तुला?"

गौतम म्हणजे मेघनाचा नवरा. कॉटन ग्रीनला एका गोदामात सुपरवायझर होता. तो काही बोलला नव्हता. तो सहसा बोलतच नाही. लग्न ठरतानाही तो काही बोलला नव्हता, आणि त्या एका गुणावर मेघनाच्या आईने त्याला पसंत केलं होतं. नोकरीचं कानावर घातलं तेव्हा तो जेवत होता. "बघ," एवढंच म्हणाला. नोकरीला होकार दिला की आमटीत मीठ कमी आहे असं सुचवलं, हे मेघनाला बराच वेळ कळलं नाही. शेवटी तिने दोन्ही धरून चालायचं ठरवलं आणि आमटीत मीठ घातलं.

कारण विचाराल तर ते अगदी साधं होतं. मेघनाला मेघना म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ती अप्पांची सून होती, गौतमची बायको होती, ऋग्वेदाची आई होती, आणि गॅसवाल्यासाठी तेवीस नंबर होती. सासूबाई, म्हणजे यशोदाबाई, अंथरुणाला खिळलेल्या होत्या तोवर दिवस उगवायचा कधी आणि मावळायचा कधी याचा पत्ता नसायचा. त्या गेल्या, आणि दुपार नावाची एक अवजड वस्तू घरात येऊन पडली. ती कुठे ठेवावी हे मेघनाला कळेना. लग्नाआधी ती रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत टेलिफोनवर बसायची. तिथे तिला 'मिस मेघना' म्हणायचे, आणि लाकडाचे मोठमोठे व्यापारी तिच्या आवाजाला वचकून असायचे. तसं काहीतरी पुन्हा हवं होतं. आणि ते कुणाच्या ओळखीने नको, शब्दाने नको. माहेर वडिलांचं, घर सासऱ्यांचं, आडनाव नवऱ्याचं. एक तरी गोष्ट स्वतः जमवलेली असावी, एवढीच तिची अट होती.

चाळीला ती अट समजली नाही. चाळीला एवढंच समजलं, की एका बाईला कुणीतरी बघायला बोलावणार, दोन-चार माणसं समोर बसून प्रश्न विचारणार, आणि मग "कळवतो" म्हणणार. हे सगळं चाळीच्या चांगल्या परिचयाचं होतं. चाळीने याच रीतीने किती तरी मुली उजवल्या होत्या. त्यामुळे 'नोकरी' हा शब्द तिथे कुणी फारसा वापरलाच नाही. "मेघनाचं कुठे जमतंय का?" असं विचारायचे. आणि मागाहून हळूच, "या वयात कठीणच."

या विषयातला सगळ्यात मोठा अधिकारी तर घरातच बसलेला होता. अप्पा, म्हणजे तिचे सासरे दौलत घाडी. उमेदीत गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. गिरण्या थांबल्या, पण अप्पांचे हात थांबेनात, तेव्हा त्यांनी लग्नं जमवायला घेतली. बहिणी झाल्या, पुतण्या झाल्या, मग गावच्या मुली, मग मजल्यावरच्या. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हाताला एकही मुलगी उरलेली नव्हती. ऋग्वेदाकडे त्यांनी एकदा आशेने पाहिलं होतं, पण ती कॉलेजात शिकणारी मुलगी. तिने त्यांच्याकडे जे परत पाहिलं त्यानंतर विषय निघाला नाही. अशात सुनेने स्वतःहून "मला दाखवा" म्हटल्यासारखं झालं. अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिला घोटाळा बायोडेटाचा. लालबागला गणपतच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा करून मिळतो. तो फार सुरेख करतो, पण त्याच्याकडे साचा एकच आहे. मेघनाने अप्पांना माहिती देऊन या म्हटलं, अप्पांनी ती दिली, आणि गणपतने ती त्या साच्यात घातली. वर गणपतीबाप्पा, चारी बाजूंनी आंब्याच्या पानांचं तोरण, उंची पाच फूट दोन इंच, रास कन्या, वर्ण निमगोरा, मामेकुळ राणे. शेवटी 'अपेक्षा' म्हणून एक रकाना असतो. तो गणपत सगळ्यांना सारखाच ठेवतो. मेघनाने तो कागद उघडून न बघता सात ठिकाणी पाठवला.

दादरच्या एका क्लासमधून फोन आला. फोनवरच्या बाई फार अदबीने बोलत होत्या. "तुमच्या अपेक्षा वाचल्या. सुशिक्षित, निर्व्यसनी आणि मुंबईत स्वतःची जागा. आमचे सर सुशिक्षित आहेत हो, निर्व्यसनीही आहेत, पण क्लासची जागा भाड्याची आहे. चालेल का?"

मेघनाला दोन दिवस घास गोड लागला नाही. ऋग्वेदाने नवा बायोडेटा इंग्रजीत केला, त्यात रास नव्हती, आणि अप्पांना त्याचं वाईट वाटलं. "कन्या रास म्हणजे कामाक किती चोख असता," ते म्हणाले, "आणि तोच मुद्दो तुम्ही काढलात."

पहिली मुलाखत घरूनच होती, लॅपटॉपवर. बंगलोरची कुठली तरी कंपनी, घरी बसून फोन घ्यायचे. ऋग्वेदाने धान्याच्या डब्यांवर पोळपाट आणि पोळपाटावर लॅपटॉप ठेवला. मागे कपड्यांची दोरी दिसू नये म्हणून लग्नातली पैठणी पडद्यासारखी लावली. आणि मजल्याला विनंती केली, की अर्धा तास आवाज करू नका.

ही विनंती करायला नको होती. चाळ अर्धवट काही करत नाही. कमलताई जिन्याच्या तोंडाशी लाटणं घेऊन बसल्या. भंगारवाला परत गेला, पाववाला परत गेला. टीव्ही बंद, मिक्सर बंद, तान्ही मुलं खालच्या मजल्यावर पाठवलेली. त्या मजल्याने इतकी शांतता एकाच कारणासाठी पाळलेली लोकांना माहीत होती. खालचे जगदीश मेस्त्री वर आले, त्यांना ती शांतता जाणवली, बायका दाराशी गप्प बसलेल्या दिसल्या. त्यांनी चपला काढल्या आणि मान खाली घालून, हात जोडून थेट आत आले.

"कधी गेले अप्पा?" त्यांनी मेघनाला विचारलं.

अप्पा कोपऱ्यात खुर्चीवरच बसलेले होते. "खय जातलंय मी?" ते म्हणाले. जगदीश मेस्त्री जे दचकले ते मागच्या पैठणीवर गेले, आणि पैठणीसकट खाली. बंगलोरच्या माणसाला एकदम कपड्यांची दोरी दिसली. याउपर मेघनाने सावरूनही घेतलं असतं. पण कमलताईंना इतका वेळ एकच गोष्ट टोचत होती, की समोरच्यांना काही खायला विचारलेलं नाही. चौकटीच्या डाव्या बाजूने बांगड्यांनी भरलेला एक हात आला आणि पोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर धरून स्थिर राहिला. वर खोबरं होतं.

बंगलोरवाले म्हणाले, कळवतो.

दुसरी मुलाखत त्याच दादरच्या क्लासमध्ये. अपेक्षांचं प्रकरण हसण्यावारी नेऊन त्यांनी बोलावलं होतं. तिथल्या सरांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" ऋग्वेदाने या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलेलं होतं. त्यात 'नेतृत्व' होतं, 'वाढ' होती, आणखी बरंच होतं. पण सर इतक्या आपुलकीने विचारत होते की मेघनाच्या तोंडून खरं निघून गेलं. "पन्नाशीत," ती म्हणाली. सर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

तिसरी रे रोडला, एका वखारीत. ही मात्र मिळणार अशी मेघनाची खात्री होती. लाकडाचा धंदा, ओळखीचा वास. मालकांनी बसवलं, चहा मागवला. गाव कुठलं? कणकवलीकडचं. म्हणजे कुठलं? मग वाडी कुठली? घाडी म्हणजे वरच्या वाडीतले की खालच्या? अर्ध्या तासात असं सिद्ध झालं, की मालकांची आत्या आणि यशोदाबाईंची चुलत बहीण एकाच घरात दिलेल्या होत्या. मालक उठून उभे राहिले. "अहो वहिनी, आधी नाही सांगायचं? आता कशी तुम्हाला नोकरी देऊ? नात्यातल्या माणसाला ओरडता येत नाही." आणि तिच्या हातात गावाहून आलेली कोकमं देऊन तिला फाटकापर्यंत पोचवलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मेघना स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली. कोकमं समोर ठेवलेली. रडायचं की हसायचं हे ठरत नव्हतं, आणि कुकर लावायचा होता. ऋग्वेदा शेजारी येऊन बसली. "आई, तू खूप खरं बोलतेस," ती म्हणाली. "मुलाखतीत आपली उणीव विचारली तर अशी सांगायची जी खरं तर गुण असते. आणि राग येतो का विचारलं तर नाही म्हणायचं."

"आणि समोरच्यांना खरं वाटतं?"

"नाही वाटत. पण तेही तिथे असंच बोलून लागलेले असतात."

अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. "माझा ऐक," ते म्हणाले. "चूक तुझी नाय. चूक रीतीची. आजपर्यंत चौकशी केल्याबिगर मी कुणाची पोरगी दाखवूक पाठवलंय नाय. आधी घर बघायचं. माणसं कशी, सासू कशी, मुलगा पितो काय. आणि ता त्यांच्या घरी विचारूचा नसता. समोरच्या वाण्याकडे विचारायचं, न्हाव्याकडे विचारायचं."

"अप्पा, ही नोकरी आहे."

"मग? जन्म काढायचो तो काढायचोच मा?"

"तुम्ही काही करायचं नाही," मेघना म्हणाली. जरा मोठ्याने म्हणाली. "मला कुणाची ओळख नको, शब्द नको, काही नको. मिळाली तर माझी मला मिळू दे, नाहीतर नको." अप्पा गप्प झाले. ते इतक्या लवकर गप्प होतात तेव्हा मेघनाने सावध व्हायला हवं, हे तिला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

पुढचं बोलावणं एका मोठ्या रक्त तपासायच्या लॅबचं होतं. समोरच्या काउंटरवर बसायचं, आलेल्या पेशंटांना नंबर द्यायचा, समजावायचं, फोन घ्यायचे. पगार बरा, वेळ दहा ते सहा. मुलाखत गुरुवारी होती. मेघनाला ही नोकरी आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त हवी होती, आणि म्हणून तिने त्याबद्दल कमीत कमी बोलायचं ठरवलं. नळावर तर अक्षर काढलं नाही.

मंगळवारी सकाळी अप्पा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून बाहेर पडले. चहासुद्धा घेतला नाही. "देवळात जाऊन येतंय," म्हणाले. जेवायच्या वेळेला परत आले, घामाघूम, उजवा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. मेघनाने विचारलं, हाताला काय झालं? "दाराची कडी लागली." देवळाच्या दाराला कडी कुठली, हा विचार तिच्या मनात येऊन गेला, पण गॅसवर भात होता. जेवताना त्यांनी हात सरळ केला तेव्हा कोपराच्या आत एक गोल, निळी चिकटपट्टी दिसली. त्यावर हसरा चेहरा होता. देव अलीकडे काय काय वाटायला लागले आहेत, असं मनात म्हणून तिने आमटी वाढली.

गुरुवारी ती लॅबमध्ये वेळेआधी पोचली. समोर बाकांवर माणसं रांगेत बसलेली, आणि प्रत्येकाच्या कोपराच्या आत एक गोल निळी चिकटपट्टी. वर हसरा चेहरा. मंगळवारचं देऊळ कुठलं ते मेघनाला कळलं. परत फिरावं असं वाटलं, पण तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. "मेघना घाडी." मोठ्याने, सगळ्यांसमोर, पूर्ण नाव. तिने पाऊल पुढे टाकलं ते त्या हाकेच्या मोहाने.

आत दोघं होती. अर्णव नावाचा एक तरुण, ज्याच्यापुढे लॅपटॉप होता, आणि डॉ. अनुजा नाबर. बाई गिरगावच्या जुन्या घरातल्या असाव्यात. एकेक शब्द धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला.

"तुमची सगळ्यात मोठी उणीव कोणती?" अर्णवने विचारलं.

"मी कामात फार बारकाईने लक्ष घालते," मेघना म्हणाली. पाठांतर चोख होतं.

"ताण आला तर काय करता?"

"शांतपणे विचार करते."

डॉ. नाबरांनी चष्मा काढला. "आणि राग? राग येतो का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"म्हणजे भरलेल्या सिलिंडरसकट गॅसवाल्याला जिन्यातून परत पाठवलं, ती तुमच्याकडची दुसरी कुणी बाई असेल."

खोलीत एसी चालू होता तरी मेघनाच्या कानातून वाफा निघायला लागल्या. "अप्पा आले होते," ती म्हणाली.

"मंगळवारी. उपाशी पोटी." डॉ. नाबरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आधी म्हणे समोरच्या पानवाल्याकडे अर्धा तास होते. मग आत येऊन विचारलं, आत बसू द्याल अशी सगळ्यात साधी तपासणी कोणती. ती करून घेतली. ती पाच मिनिटांची असते. ते दुपारपर्यंत बसले. सिक्युरिटीला विचारलं, साहेब लोक वेळेवर येतात का, आरडाओरडा करतात का. रक्त काढणाऱ्या मुलीला विचारलं, लग्न झालंय का, नसेल तर एक मुलगा आहे."

"आमच्या मजल्यावरच्या सावंतांचा," मेघना पुटपुटली.

"सावंतांचाच. फोटो दाखवला त्यांनी. मी बाहेर आले, कारण कुणीतरी येऊन सांगितलं की एक आजोबा बायकांच्या बाथरूमला आतून कडी आहे का याची चौकशी करताहेत."

मेघनाने डोळे मिटून घेतले. मुलाखतीत डोळे मिटू नयेत असं ऋग्वेदाने सांगितलेलं होतं, पण ते सांगताना तिला हे माहीत नव्हतं.

"मला म्हणाले, तुम्ही इथल्या कोण? मी म्हटलं, मी इथे काम करते. म्हणाले, मग खरं काय ते सांगा. आणि माझ्या आधी त्यांनीच सांगितलं. सून तापट आहे, आम्ही लपवत नाही, मागाहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पण उगाच तापत नाही. बहुतेक वेळा कारण मीच असतो."

मेघना उठली. पर्स घेतली. "मॅडम, मला ही नोकरी नको."

"का?"

"मी घरात सांगून ठेवलं होतं, कुणी मध्ये पडायचं नाही म्हणून. मला माझ्या हिमतीवर हवी होती. सासऱ्यांच्या वशिल्याने लागायचं, तर मी घरी आहे तीच बरी आहे."

"वशिला?" पहिल्यांदाच डॉ. नाबरांचा आवाज घडीतून जरा सुटला. "अहो, त्यांनी आम्हाला नापास केलंय."

मेघनाची पर्स खांद्यापर्यंत जाऊन परत खाली आली.

"जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, राग मानू नका. माणसं वाईट नाहीत. पण स्थळ काही पसंत नाही. काउंटरवरच्या पोरी सकाळपासून उभ्या आहेत, मी बघतोय. एकजण जेवायला गेली ती डबा अर्धा टाकून पळत आली. आमच्या घरातली मुलगी अशा घरात द्यायला मन होत नाही. तरी घरी बोलून कळवतो." डॉ. नाबरांनी चष्मा पुन्हा लावला. "बावीस वर्षं मी ही लॅब चालवते. मला आजवर कुणी नाकारलं नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही."

"मी त्यांना फॉलोअपचा मेसेज पाठवला," अर्णव हळूच म्हणाला. "रिप्लाय नाही आला."

आता मेघनाचा राग जरा गोंधळला. इतका वेळ तो एका दिशेला नीट चालला होता. अप्पांनी आपल्यासाठी शब्द टाकला म्हणून रागवायचं, तर त्यांनी टाकला नव्हता. उलट नोकरी हातात येण्याआधीच ती परस्पर परत करून आले होते. नाही म्हणणारे ते कोण? पण तेवढ्यात तिला काचेपलीकडे काउंटर दिसलं. दोन मुली उभ्या होत्या. एक जण एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. ही हालचाल मेघनाला चांगली ओळखीची होती. सासूबाईंच्या आजारपणात ती ओट्याशी अशीच उभी राहायची.

ती परत बसली.

"खुर्च्या का नाहीत?" तिने विचारलं.

"पेशंट समोर उभा असताना आपली माणसं बसलेली बरी दिसत नाहीत, असा एक समज आहे," डॉ. नाबर म्हणाल्या. "माझाच."

"वखारीत मी टेलिफोनवर बसूनच बोलायचे. व्यापारी उभे राहून ऐकायचे. कुणी मला उद्धट म्हटलं नाही. म्हटलं असेल, पण बिल भरलं." मेघनाला आपलाच आवाज ऐकू येत होता आणि तो जुना, रे रोडचा आवाज होता. "मी बसून काम करणार. ह्या मुलींनाही बसायला द्यायचं. दुपारी डबा पुरा खाऊन होईल एवढा वेळ हवा. आणि मघाशी खोटं सांगितलं. राग येतो मला. रांग मोडली की येतो. माझं बोलणं तोडलं की येतो. 'ओ काकी' म्हटलं की फार येतो. आता बघा तुम्हाला काय जमतंय."

दोन महिन्यांत मुलाखतीत तिने दिलेलं हे पहिलं लांब उत्तर, आणि त्यातला एक शब्द पाठ केलेला नव्हता.

डॉ. नाबर आणि अर्णवने एकमेकांकडे पाहिलं. "याआधीच्या तिघी फार गोड होत्या," डॉ. नाबर म्हणाल्या. "एक तर सुई बघून पेशंटबरोबर रडायची. दुसरीला लोक ढकलून पुढे जायचे आणि ती त्यांना सॉरी म्हणायची. मला काउंटरवर अशी कुणीतरी हवी, जिला घाबरून लोक रांगेत उभे राहतील. सोमवारपासून याल?"

"अप्पांच्या सांगण्यावरून घेताय का?"

"ते म्हणाले तापट आहे. ते मी मंगळवारी नुसतं ऐकलं होतं. आत्ता पाहिलं."

घरी येताना मेघनाने अप्पांना काय सुनवायचं ते सिग्नलपर्यंत नीट ठरवून घेतलं. तीन भाग होते. पहिला, मध्ये पडू नका सांगितलेलं असताना पडलात. दुसरा, खोटं बोललात, आणि तेही देवळाचं नाव घेऊन. तिसरा, मला न विचारता माझ्या वतीने नकार दिलात. हा सगळ्यात जड होता, म्हणून शेवटी ठेवला. जिन्यात कमलताईंनी गाठलं. "जमलं?" मेघनाने मान हलवली, आणि कमलताई पुढचं काही न ऐकता पाण्याची वेळ नसतानाही नळाकडे निघाल्या.

अप्पा दारातल्या खुर्चीवर बसलेले होते. तिला बघून त्यांनी उगाच टोपी नीट केली.

"माझी चौकशी करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मेघनाने पहिला भाग काढला.

"तुझी खय केली? त्यांची केली."

पहिला भाग इथेच संपला. दुसरा तिने सोडून दिला, कारण देवळाचं बोलायला लागलं तर ते गेल्या चतुर्थीला ती देवळात जाते म्हणून कुठे गेली होती ते काढतील. ती थेट तिसऱ्यावर आली. "आणि नापास करून आलात त्यांना. मला न विचारता."

"केलंय. पोरी उभ्या ठेवतत."

"आता खुर्च्या आणणार आहेत. मी सांगितलं. जेवायला पुरा वेळ देणार आहेत. बाथरूमला कडी आहे, मी बघून आले. मी हो म्हणून आलेय, सोमवारी जायचंय. आता सांगा, काय खोट आहे त्या स्थळात?"

अप्पांनी बराच विचार केला. माणसं चांगली होती. वेळ बरी होती. पानवाल्याचंही मत चांगलं होतं. त्यांनी बाहेर पाहिलं, मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"लांब आसा," ते म्हणाले.

लॅब रेशनच्या दुकानावरून डावीकडे वळलं की तिसरी इमारत. ते जिथे बसले होते तिथून तिची निळी पाटी दिसत होती, आणि चष्मा लावला तर वाचताही येत होती.

मेघनाचा तिसरा भाग अर्ध्यातच राहिला. तिने घराकडे पाहिलं. गौतम सकाळी जाणार, ऋग्वेदा सकाळी जाणार, आता तीही जाणार. यशोदाबाईंचा पलंग घडी घालून भिंतीशी उभा केलेला होता. दहा ते सहा या घरात अप्पांना भांडायला कुणीही असणार नव्हतं. पानवाल्याकडे, सिक्युरिटीकडे, रक्त काढणाऱ्या मुलीकडे ते सबंध सकाळ फिरून खोट का शोधत होते, हे तिला आत्ता कळलं. त्यांना ती सापडत नव्हती, म्हणून त्यांनी खुर्च्यांचं निमित्त काढलं. खुर्च्यांचं नेमकं खरं निघालं, हा त्यांचा नाइलाज.

"दुपारी मी जेवायला घरीच येईन," ती म्हणाली. "इथेच तर आहे. पाच मिनिटांत येईन, बसून जेवू, आणि जाईन."

क्षणभर अप्पांचा चेहरा उजळला. मग अनेक वर्षं मुली दिलेल्या माणसाचा तो कडक, जबाबदार चेहरा त्यांनी परत घातला.

"अजिबात येव नको," ते म्हणाले. "निदान पयलो म्हयनो तरी. नव्या घरी गेल्या गेल्या रोज माहेराक धावत येऊचा नसता. लोक नावां ठेवतत."

आपण कुणाच्या घराला माहेर म्हटलं, हे अप्पांच्या लक्षातही आलं नव्हतं. मेघनाने ते लक्षात आणून दिलं नाही. तिने पर्स खुंटीला लावली, पदर खोचला आणि परात खाली घेतली.

"बरं," ती म्हणाली. "मग सणासुदीला येईन." आणि रात्रीची कणीक मळायला बसली.